आपल्या तालुक्यात किती जणी?

मैत्रिणींनो,

हा अंक बायकांच्या मानसिक आरोग्यावर काढायचं ठरलं तेव्हा संपादकीय मी लिहावं असं गटातल्या सगळ्याजणींचं म्हणणं पडलं. कारण आकड्यांचा घोळ मीच घातला होता. तो आधी सांगते. आपल्यापैकी पुष्कळ गटांच्या अर्जांत आणि प्रस्तावांत तोच घोळ असतो, हे आता माझ्या लक्षात आलं आहे.

आमच्या सल्ला केंद्रात बायका येतात त्या मारहाणीची, टाकून दिल्याची, पोटगीची तक्रार घेऊन. जरा बोलायला लागल्या की दुसरंच बाहेर येतं. "ताई, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही." "जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं." "कशात मन लागत नाही, पोरांवर उगाच हात उठतो." एखादी बोलता बोलता विहिरीचं नाव काढते आणि गप्प होते. आम्ही ऐकून घेतो, धीर देतो, पण आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ना मानसोपचारतज्ज्ञ, ना समुपदेशक. जिल्ह्याच्या गावी जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि घरी काय सांगून निघायचं हा प्रश्न असतोच. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशक मिळावी असा अर्ज आम्ही केला आणि जिल्ह्याच्या बैठकीला गेलो.

अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या तालुक्यात अशा बायका किती?"

मी तयारीने गेले होते. बंगळूरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्यात प्रौढांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. तालुक्यातली प्रौढ लोकसंख्या मी साधारण दोन लाख धरली, गुणाकार केला आणि अर्जात लिहिलं : २१,२०० माणसं. साहेबांनी पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "ही पाहणी महाराष्ट्रात झाली होती का?"

झाली नव्हती. ती बारा राज्यांत झाली : पंजाब, उत्तर प्रदेश, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, आसाम, मणिपूर, केरळ आणि तमिळनाडू. महाराष्ट्र त्यात नव्हता. आसामात प्रमाण ५.८ टक्के निघालं, मणिपुरात १४.१ टक्के. आसामचं प्रमाण लावलं तर आमच्या तालुक्यात ११,६०० माणसं होतात, मणिपूरचं लावलं तर २८,२००. मी मधला आकडा उचलला आणि तो मोजलेला असल्यासारखा मांडला. अर्ज परत आला. त्याहून वाईट हे की तो परत करणाऱ्याला सबळ कारण मी स्वतःच पुरवलं होतं.

परत येताना एस.टी.त आमच्या केंद्रातल्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "आकडे हा आपला प्रांतच नव्हे. आपण बायकांचं ऐकावं, ते लिहावं." मला ते पटलं नाही. मोजणी दुसऱ्यांच्या हाती सोपवली की काय होतं हे आपण मुलींच्या जन्मप्रमाणाच्या प्रश्नात पाहिलं आहे. तो प्रश्न सरकारदरबारी उभा राहिला तो जनगणनेच्या आकड्यांवरच. मग गेले काही महिने मी हे अंदाज कसे काढतात ते वाचत बसले. एम.एस.डब्ल्यू.ला संशोधन पद्धतीचा पेपर कसाबसा सोडवला होता, तो पुन्हा उघडला. जे समजलं ते सोप्या भाषेत मांडायचा प्रयत्न करते.

शितावरून भाताची परीक्षा ही आपली रोजची पद्धत. नमुना पाहणी म्हणजे तेच. एका पातेल्यात तांदूळ एक, पाणी एक, आच एक, म्हणून एका शितावर भागतं. पण आपल्या राज्यात छत्तीस जिल्हे आहेत, म्हणजे छत्तीस पातेली आणि छत्तीस चुली. निम्हान्सच्या पाहणीत ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या, म्हणजे राज्यामागे सरासरी २,९००. एवढ्या मुलाखतींतून राज्याचा अंदाज येतो. जिल्ह्याचा येत नाही, तालुक्याचा तर नाहीच. कित्येक पातेल्यांतून एकही शीत उचललेलं नसतं.

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ मॉडेल बांधतात. पहिली पायरी अशी : जिथे पाहणी झाली तिथे कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या, विवाहित की विधवा, शहरातल्या की खेड्यातल्या माणसांत त्रासाचं प्रमाण किती आहे ते काढायचं. दुसरी पायरी : आपल्या जिल्ह्यात अशी माणसं किती आहेत ते जनगणनेतून घ्यायचं. मग गटागटाने गुणाकार करून बेरीज करायची. मी केलेल्या सरसकट गुणाकारापेक्षा हे कितीतरी बरं. पण २०२१ साली व्हायची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे आपल्याकडचे असे बहुतेक हिशेब २०११ च्या जनगणनेवर उभे आहेत. दरम्यान किती खेडी रिकामी झाली आणि किती वस्त्या वाढल्या ते आपण डोळ्यांनी पाहतोच.

तिसरी पायरी उसनवारीची. ज्या जिल्ह्यातून फार थोड्या मुलाखती आल्या, त्याच्यासाठी त्याच्यासारख्या इतर जिल्ह्यांकडून माहिती उसनी घ्यायची. अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट या दोघांनी १९७९ साली हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांचं उत्पन्न असं काढून दाखवलं, आणि तेव्हापासून ही पद्धत रुळली. आज त्याच देशात दर जिल्ह्यागणिक नैराश्याचे अंदाज मॉडेलवरून निघतात. पण त्यामागे दर वर्षी चार लाखांहून अधिक प्रौढांच्या मुलाखती असतात. मॉडेल कितीही हुशार असलं तरी त्याला खायला मुलाखतीच लागतात.

भारतातही राज्याराज्यांचे असे अंदाज निघाले आहेत. २०१९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हाती असलेल्या सगळ्या पाहण्या एकत्र करून सांगितलं की २०१७ साली देशात १९ कोटी ७३ लाख लोकांना, म्हणजे दर सात जणांमागे एकाला, काही ना काही मानसिक आजार होता. नैराश्य आणि चिंतेचे आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळले. नैराश्याचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोवा आणि महाराष्ट्र यांचीही नावं होती. म्हणजे महाराष्ट्राचा आकडा आता आहे. पण तो मॉडेलने काढलेला आहे आणि त्याचा पल्ला राज्यापर्यंतच आहे, हे सांगितल्याशिवाय तो वापरू नये.

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या बाजूने या अंदाजांकडे पाहू.

पहिली गोष्ट, आजार कशाला म्हणायचं ही. निम्हान्सच्या पाहणीत पुरुषांमध्ये प्रमाण १३.९ टक्के आणि बायकांमध्ये ७.५ टक्के आलं. एका प्रशिक्षणात हा तक्ता दाखवून "बायकांना त्रास निम्माच" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. पुरुषांचा आकडा फुगतो त्याचं मोठं कारण म्हणजे या बेरजेत दारूचं व्यसन धरलेलं आहे. त्याच पाहणीत नैराश्य वेगळं काढलं तर बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. पिणारा नवरा रुग्ण म्हणून मोजला जातो. त्याच्या भीतीने रात्रभर जागी असणारी बायको, तिची लक्षणं ठरवलेल्या चौकटीत बसली तरच मोजली जाते. नवऱ्याला व्यसनमुक्ती मिळू नये असं मी म्हणत नाही. पण दोघांची एकत्र बेरीज करून त्यावर तालुक्याची सोय ठरवली, तर सोय कोणासाठी होईल हे उघड आहे.

दुसरी गोष्ट, मॉडेलला जे दिसतं तेच ते धरतं ही. गोव्यातल्या संगत या संस्थेच्या संशोधकांनी उत्तर गोव्यातल्या १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६.६ टक्के बायकांमध्ये नैराश्य-चिंतेसारखे आजार आढळले. आणि ते कशाशी जोडलेले निघाले? गरिबीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, विधवा वा विभक्त असण्याशी, स्वतःचे निर्णय स्वतः घेता न येण्याशी, घरातून आधार नसण्याशी, अंगावरून पांढरं जाण्यासारख्या तक्रारींशी. त्याच गोव्यातला बाळंतिणींचा अभ्यास २००२ चा. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं, आणि त्यात मुलगी झाली असणं आणि नवऱ्याची मारहाण ही कारणं ठळक होती. आपल्या केंद्रात बसणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

आता जिल्ह्याचा अंदाज काढायला बसा. साक्षरता, वीज, संडास, मुलींचं लग्नाचं वय, हे सगळं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्हावार मिळतं. नवऱ्याच्या हिंसेचा आकडा मात्र जिल्हावार मिळत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव सांगितला, पण तो आकडा राज्याचा. हिंसेचे प्रश्न थोड्याच घरांत, घरातल्या एकाच बाईला, एकांत मिळाला तरच विचारतात. बाईच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यही आहे. परिणाम मात्र असा की बाईच्या मनावर ज्याचा घाला सर्वांत मोठा, ते मॉडेलच्या तक्त्यात नसतं आणि वीज-संडास असतात. शिवाय या पाहणीत नैराश्याविषयी प्रश्नच नाहीत. आपल्या शेजारच्या नेपाळने २०२२ च्या अशाच राष्ट्रीय पाहणीत नैराश्य आणि चिंतेचे प्रश्न घातले. आपल्याला ते अवघड का असावं?

तिसरी गोष्ट उसनवारीचीच. एखाद्या जिल्ह्यातून मुलाखती थोड्या असतील आणि तिथला आकडा इतरांहून फार वेगळा दिसत असेल, तर मॉडेल त्याला सरासरीकडे ओढतं. थोड्या मुलाखतींतला वेगळेपणा पुष्कळदा योगायोगाचा असतो, म्हणून हे शास्त्राला धरूनच आहे. पण कधी कधी तो वेगळेपणा खरा असतो. बीड जिल्हा आठवा. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, आणि १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक. शिक्षण, वय, उत्पन्न यांवरून कोणत्याही मॉडेलने बीडसाठी असा आकडा सांगितला नसता. तो पुढे आला तो बायका बोलल्या, संघटनांनी आणि पत्रकारांनी ते लावून धरलं आणि मग सरकारने घरोघर मोजलं म्हणून. आणखी एक. ऊसतोडीला गेलेली बाई दिवाळीनंतर चार-सहा महिने गावात नसते. त्या दिवसांत पाहणी करणारे आले तर तिच्या दाराला कुलूप असतं.

चौथी गोष्ट भाषेची. 'नैराश्य' हा शब्द आपल्या केंद्रात आजवर किती जणींनी वापरला? त्या टेन्शन म्हणतात, करमत नाही म्हणतात, डोकं जड झालं, हातापायाला मुंग्या येतात, कंबर धरते म्हणतात. प्रश्न बदलला की आकडा किती बदलतो याचं एक उदाहरण देते. २०१७-१८ साली देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या माणसांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात साठीपुढच्या लोकांत नैराश्याचं निदान झालेले ०.८ टक्के होते, आणि लक्षणं विचारून पाहिल्यावर ते प्रमाण ८.३ टक्के झालं. दसपट. प्रश्न चुकला तर ती चूक जशीच्या तशी मॉडेलमध्ये जाते, आणि पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी ती निघत नाही.

एवढं सगळं वाचून ताई म्हणाल्या, "मग मी म्हणत होते तेच ना? सोडून द्या हे आकडे." नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे, अंदाज नसतो तिथे सरकारी नोंद हीच मोजणी ठरते. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे २०१० साली देशात १,३४,५९९ आत्महत्या झाल्या. सुमारे अकरा लाख घरांत प्रशिक्षित माणसं पाठवून, घरात झालेल्या प्रत्येक मृत्यूची विचारपूस करून जो अभ्यास झाला, त्यावरून त्याच वर्षासाठी अंदाज निघाला १,८७,०००. २०१२ च्या त्या अहवालाप्रमाणे पोलिसांच्या नोंदीत पुरुषांच्या आत्महत्या किमान २५ टक्क्यांनी आणि बायकांच्या किमान ३६ टक्क्यांनी कमी दिसत होत्या. बायकांची मरणं जास्त दडपली जातात, 'स्टोव्ह भडकला', 'पाय घसरून विहिरीत पडली' अशी लिहिली जातात, हे आपण सत्तरच्या दशकाअखेरीपासून सांगत होतो. ते आकड्यात दाखवलं या अंदाजाने. आणि नोंदलेल्या आत्महत्याही काही थोड्या नाहीत. २०२१ साली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २३,१७८ गृहिणींच्या आत्महत्या नोंदवल्या. त्या वर्षी जीव दिलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अंदाजात कोणाचं नाव नसतं. घरोघर फिरून 'मानसिक रुग्णांची यादी' करावी अशी सूचना बैठकांत वारंवार येते, आणि ते काम आशा किंवा अंगणवाडी सेविकेवर टाकलं जातं. गावात अशी यादी झाली की ती चार दिवसांत चावडीवर पोचते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. 'वेडी' ठरवून माहेरी धाडलेल्या, मुलांपासून तोडलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबतची गुप्तता हा हक्क मानला आहे, पण गावच्या यादीला तो कायदा कोण दाखवणार? समुपदेशक किती लागतील हे ठरवायला नावांची गरज नाही. त्याला चांगला अंदाज पुरतो. त्यामुळे यादीचा प्रस्ताव आला तर आपण ठाम नकार द्यावा आणि अंदाजाचा आग्रह धरावा, असं माझं मत झालं आहे.

पण आकडा हाती आल्यावर त्याचं पुढे काय होतं इकडेही लक्ष हवं. भार्गवी दावर यांनी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरच्या १९९९ च्या पुस्तकात दाखवलं होतं की तीव्र मानसिक आजारांत स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही, फरक आहे तो रोजच्या जगण्यातून येणाऱ्या त्रासांत. तो फरक ओळखला नाही तर 'इतके हजार रुग्ण' म्हणजे 'इतक्या हजार गोळ्या' असा सोपा हिशेब होतो. ज्यांना औषध हवं त्यांना ते मिळालंच पाहिजे. पण मार चालूच राहिला आणि बाईला फक्त झोप लागू लागली, तर आपण काय मिळवलं?

मग आपण करायचं काय? गटात चर्चा होऊन काही गोष्टी ठरल्या, त्या तुमच्यापुढे ठेवते.

अर्जात एकच आकडा न देता पल्ला द्यायचा : कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, आणि ते कुठल्या पाहणीवरून काढले. बायकांचा हिशेब वेगळा द्यायचा आणि दारूच्या व्यसनाचा वेगळा. केंद्रातल्या नोंदवहीत झोप, धडधड, जीव द्यावासा वाटणं अशा तक्रारींसाठी एक रकाना ठेवायचा, आणि दर तीन महिन्यांनी नावं वगळून गाववार बेरीज करायची. आपल्याकडे येतात त्या थोड्याच, त्यामुळे ही बेरीज म्हणजे तालुक्याचं प्रमाण नव्हे. पण एखाद्या गावातून अचानक खूप जणी येऊ लागल्या तर मॉडेलला न दिसणारं काहीतरी तिथे घडतं आहे, हे आपल्याला आधी कळेल. आणि येणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय पाहणीसाठी तीन मागण्या लावून धरायच्या : महाराष्ट्राचा समावेश, हिंसेची माहिती निदान विभागवार मिळेल एवढ्या मुलाखती, आणि बायकांच्या बोलीतून तपासून घेतलेले प्रश्न.

आमचा अर्ज आम्ही नव्याने दिला आहे. त्यात लिहिलं आहे की तालुक्यात ११,६०० ते २८,२०० प्रौढांना मानसिक आजार असू शकतो. हा पल्ला बारा राज्यांच्या पाहणीतल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त प्रमाणावरून काढला आहे आणि महाराष्ट्राची त्या पाहणीत नोंद नाही, हेही लिहिलं आहे. खाली एक वाक्य घातलं आहे : सर्वांत कमी अंदाज धरला तरी आठवड्यातून एक दिवस अपुराच पडेल. "मग तुमच्या बायका आमच्या बाह्यरुग्ण विभागात का दिसत नाहीत?" हा प्रश्न यावेळी येणार हे गृहीत धरून उत्तरही जोडलं आहे. त्याच पाहणीप्रमाणे वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. रुग्णालयाच्या वहीत दिसतात त्या पोचलेल्या. आमचा अर्ज न पोचलेल्यांसाठी आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

ताईंनी अर्जावर सही केली, पण शेवटी त्यांच्या हाताने एक ओळ वाढवली : समुपदेशक बाई असावी आणि तिला आमच्या भागातली बोली यावी. हे माझ्या गणितात नव्हतं.

तुमच्या भागात असा अर्ज केला असेल, पाहणीवाल्यांबरोबर फिरला असाल, तुमच्या बायका या त्रासाला काय म्हणतात याची यादी केली असेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात तो शब्दसंग्रह छापायचा विचार आहे. प्रश्न तयार करणाऱ्यांच्या हाती तो द्यायचा आहे.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

संपादक मंडळासाठी,
तुमची मैत्रीण